दुसऱ्यांदा बसवलेलं गॅस्केट

मी एक गॅस्केट बोलतोय. नाव ऐकलं नसेल तर सांगतो. गाडीच्या इंजिनाला हवा नेणारा जाड नळ आणि इंजिन यांच्या मध्ये चेपून बसवलेली काळ्या रबराची पट्टी म्हणजे मी. मापाबाहेरची हवा आत शिरू द्यायची नाही, एवढंच माझं काम.

साच्यातून निघालो तेव्हा टपोरा, लवचिक होतो. बोल्ट आवळले तसा चेपलो आणि त्या खाचेचाच होऊन गेलो. मग आठ वर्षं उष्णता, तेलाची वाफ, काजळी सोसली. त्याची तक्रार नाही. तिथंच इमानानं संपायला हवं होतं मी.

माझा मालक शार्दूल. पुण्याहून बेंगळुरूला नोकरीला आलेला. होसकोट्याकडच्या एका सोसायटीत बायको ऋचा आणि आई हेमलताबाईंसोबत राहतो. एका रविवारी त्याच्या मनात आलं, इंजिनातली काजळी आपणच साफ करावी. पार्किंगमध्ये मोबाइलवर व्हिडिओ लावून त्यानं नळ सोडवला आणि मला स्क्रूड्रायव्हरनं उचकटलं. मी कडक, चपटा झालो होतो. कडेला चीरच गेली.

ऋचा चहा घेऊन आली. "अरे, हे तर चिरलंय. नवीन मागव ना."

"दोन दिवस लागतील गं. आजच संपवायचंय मला. चालतंय हे."

"बुधवारी आईंचं डायलिसिस आहे, शार्दूल."

"म्हणून तर आज लावतोय!"

त्यानं मळक्या बनियननं मला पुसलं. वर सिलंट, म्हणजे फटी बुजवायची आंबट वासाची चिकट पेस्ट थापली, बोटानंच. शी! तशाच चिकट, लडबडलेल्या मला पुन्हा त्याच खाचेत कोंबलं. मग काळ्या हातांचा फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. अंगठे आले, टाळ्या आल्या. माझ्या चिरेतून हवा फुसफुसत होती. ती त्यालाही ऐकू आली. त्यानं गाण्याचा आवाज वाढवला.

बुधवारी भर रहदारीत, सिग्नलला गाडी थरथरली आणि बंद पडली. पुन्हा चालू, पुन्हा बंद. मागून हॉर्नचा गोंगाट. एसी गेला. मागच्या सीटवरून हेमलताबाई म्हणाल्या, "शार्दूल, धाप लागतेय रे मला."

शेवटी एका रिक्षावाल्यानंच दार उघडलं. "अम्मा, बन्नी, बन्नी," या ना, या, असं कन्नडमध्ये म्हणत त्यांना हाताला धरून रिक्षात बसवलं. तरी उशीर झालाच. मशीनवर चार तासांऐवजी अडीचच तास मिळाले. दुसऱ्या दिवशी त्यांचे पाय इतके सुजले की चपलेत जाईनात.

गाडी ओढून बेंगळुरूतल्याच शिवाजीनगरच्या गॅरेजमध्ये आणली. तिथला मेकॅनिक महांतेश बेळगावकडचा. त्यानं मला बाहेर काढून उजेडात धरलं. "सर, जुनंच परत बसवलं काय हे?"

"छे! नवीनच होतं. पार्टच खराब आला असणार."

माझ्यासमोर! आठ वर्षं ज्याची गाडी पळवली, त्यानं माझ्यावर ढकललं. सिलंटपेक्षा त्या वाक्याची किळस जास्त आली.

महांतेशनं नखानं सिलंट खरवडलं. "मग नव्याला एवढी काजळी कशी हो चिकटली?"

ऋचा शेजारीच उभी होती. "खोटं कशाला बोलतोस? सकाळी आईंचे पाय बघितलेस ना?"

शार्दूलनं मान खाली घातली. मला वाटलं, आता तरी सुटलो. नवं गॅस्केट बसलं, गाडी शांत चालू लागली. महांतेश मला भंगाराच्या पिंपात टाकणार, इतक्यात शार्दूल पुटपुटला, "राहू दे. अडीअडचणीला लागेल."

आता मी डिकीत आहे, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. दर बुधवारी हेमलताबाई हळूहळू गाडीत बसतात, ते मला ऐकू येतं.

वस्तू जपून ठेवाव्यात, असं तुम्हाला लहानपणापासून शिकवतात. माझी विनवणी उलटी आहे. त्याच्या हाती मी लागण्याआधी कुणीतरी ही डिकी उघडा आणि मला फेकून द्या.