जागा नाही

नणंदबाईंचा प्रवास म्हणजे बिऱ्हाड आपलं आणि खांदा दुसऱ्याचा. गेल्या वर्षी धाकट्या दिराकडे जाताना विमानतळावर त्यांची बॅग जड भरली, तशी त्यांनी काउंटरसमोरच वहिनीची बॅग उघडली. वरच वहिनीच्या आईनं शेवटच्या आजारपणात विणलेला स्वेटर होता. "हे जुनेर कशाला वाहतेस?" म्हणून तो उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि त्या जागी आपले काचेचे वाडगे कोंबले. वहिनी डब्याकडे वळली, तर दंड धरून ओढलं, "चल गं, उशीर होतोय. नवा घेऊन देईन."

नवा काही आला नाही. घरच्यांना वाटलं, वहिनी विसरली. ती कसली विसरते!

यंदा तिकिटं काढायला वहिनी आपणहून पुढे झाली. नणंदेचं, म्हणजे ताईंचं, नेहमीसारखं काढलं. स्वतःचं मात्र फक्त हातातल्या बॅगेपुरतं. जायच्या दिवशी तिनं चार कपडे घट्ट गुंडाळून भरले, शाम्पू बोटभर बाटलीत ओतला, जड बूट पायात चढवले. चेन सर्रकन लागली तेव्हा तिला इतकं बरं वाटलं, की तिनं ती पुन्हा उघडून लावली.

ताईंचा फोन आला. "माझ्या दोन मोठ्या बॅगा आहेत. तुझ्यात जागा ठेव हं."

"या तर तुम्ही, ताई," वहिनी मधाळ आवाजात म्हणाली.

काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मावशी, तुमची एकच बॅग जाईल."

"दुसरी हिच्या नावावर टाका."

"यांच्या तिकिटावर सामानच नाहीये. आणि विमान भरलंय, जादा घेता येणार नाही."

ताईंचा चेहरा पडला. मग त्या तिथंच फरशीवर बसल्या आणि दोन्ही बॅगा उघडल्या. साड्या, डबे, मिक्सरचं भांडं, सगळा पसारा चव्हाट्यावर आला. मागची रांग कुरकुरायला लागली. ताईंचा हात सवयीनं वहिनीच्या बॅगेकडे गेला.

"हात लावायचा नाही, ताई."

"अगं, एवढं भांडं तरी घे!"

"माझ्या आईचा स्वेटर आठवतो?"

ताई घामाघूम चेहऱ्यानं बघत राहिल्या. "कुठला स्वेटर?"

त्या खरंच विचारत होत्या. वहिनीच्या अंगाची लाही लाही झाली. क्षणभर आलेली दया तिथंच करपली. तिनं बॅग उचलली आणि तपासणीच्या रांगेत जाऊन उभी राहिली. मागून दोनदा हाक आली. तिनं मान वळवली नाही.

विमान सुटलं तेव्हा शेजारची खुर्ची रिकामी होती.

दीर न्यायला आला होता. "ताई कुठंय?"

"सामान आवरतायत."

ताई दुसऱ्या दिवशी पोचल्या, रडून डोळे सुजलेले. वहिनीनं दार उघडलं, पाणी दिलं. माफी मात्र मागितली नाही, आणि त्या रात्री तिला गाढ झोप लागली.