नोटिशीवर छापलेला नकाशा

सकाळी साडेआठला संहिता बडा गणपतीच्या देवळामागच्या रस्त्यावर पोचली, तेव्हा पहिला कडुनिंब आडवा झालेला होता. दुसऱ्याला दोर बांधणं चाललं होतं. झाडांवर एक ते ब्याऐंशी असे लाल आकडे घातलेले, आणि खांबावरच्या महापालिकेच्या नोटिशीत तिचाच नकाशा. खाली नावसुद्धा तिचंच.

संहिता कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची. शहरातल्या कडुनिंबांचे शेंडे वाळायला लागले, तेव्हा हा रोग कुठून कुठे पसरेल ते शोधायचं काम कॉलेजकडे आलं आणि विभागप्रमुख अभिराम सरांनी ते तिला दिलं. दोन पावसाळे ती झाडन् झाड बघत हिंडली. कोणतं कधी वाळलं, शेजारचं किती लांब, छाटणी कधी झाली, सगळं तिने कॉम्प्युटरला भरवलं. मग कॉम्प्युटरमध्येच हे रस्ते उभे करून त्यात हजारदा रोग सोडून पाहिला. दोन नकाशे निघाले. काहीच केलं नाही, तर चार वर्षांत हा रस्ता नकाशावर लालभडक, म्हणजे सगळी झाडं वाळलेली. पण वाळक्या फांद्या पावसाआधी छाटून जाळल्या आणि दर झाडानंतर करवत स्पिरिटने पुसली, तर यंदा जेमतेम बारा झाडं वाळतील. रोग बराचसा छाटणीच्या करवतीबरोबरच फिरत होता.

नोटिशीवर फक्त पहिला नकाशा होता. रस्ता रुंद करायचं घोडं वर्षभर या झाडांपाशी अडलं होतं, हे सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक होतं.

"काम थांबवा," संहिता म्हणाली.

तोडीवर आलेले अधिकारी पीयूषजी हसले. "मॅडम, नक्शा तो आपका ही है."

"माझाच आहे, म्हणूनच सांगतेय. यावर 'काहीच न केल्यास' अशी ओळ होती. ती कुणी कापली?"

तेवढ्यात अभिराम सरांचा फोन आला. "संहिता, कशाला पंगा घेतेस? प्रोजेक्ट जाईल तुझ्या हातून."

"जाऊ दे, सर," ती म्हणाली आणि फोन पर्समध्ये टाकला.

तिने स्कूटरच्या सीटवर लॅपटॉप उघडला. समोरच्या घरातल्या निवृत्त शिक्षिका शालिनीताई गर्दीतून वाट काढत आल्या. "भिया, जरा सरको, मला बघू दे." संहिताने दोन्ही नकाशे दाखवले आणि करवतीबरोबर रोग कसा फिरतो तेही सगळ्यांना सांगितलं.

"और आपका कम्प्यूटर गलत निकला तो?" पीयूषजी म्हणाले. "गॅरंटी देणार?"

"गॅरंटी नाही देणार. चुकला तर चुकला म्हणून मीच सांगेन. पण मी जे म्हटलंच नाही, ते माझ्या नावावर खपवू देणार नाही."

करवत धरलेला बंडू पुढे आला. वीस वर्षं झाडं छाटणारा माणूस. "ताई, ये करवत वाली बात सच्ची है? म्हणजे मीच पसरवली बीमारी?"

संहिताला उत्तर जड गेलं. "तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, बंडूभाऊ."

त्याने करवत खाली ठेवली. "मग हे झाड मी नाही कापणार."

संहिता दुसऱ्या झाडाला पाठ लावून बसली. शालिनीताईंनी घरातून खुर्ची आणवली आणि शेजारी मांडली. दुपारपर्यंत पन्नासेक माणसं जमली, तेव्हा कुठे पावसाळा संपेपर्यंत तोड स्थगित झाली.

आठवड्याच्या आत प्रोजेक्ट तिच्याकडून काढून घेतलं. तिने काम सोडलं नाही. पाऊस सुरू होण्याआधी चार रविवार बंडू आणि ती स्पिरिटची बाटली घेऊन फिरले, फांद्या छाटल्या, जाळल्या.

दसऱ्यानंतर महापालिकेच्या बैठकीत तिने मोजणी वाचली. "बारा वाळतील असं मी म्हटलं होतं. सतरा वाळली."

"म्हणजे चूक!" पीयूषजी ताडकन म्हणाले.

"हो, पाचाची. कुठे चुकलं ते शोधतेय. बाकी चौसष्ट हिरवी आहेत. तुमच्या नोटिशीप्रमाणे एकही उरलं नसतं."

तोडीचा हुकूम रद्द झाला. प्रोजेक्ट काही परत मिळालं नाही. दुसऱ्याच दिवशी कॉलेजला जाण्याआधी ती पलीकडच्या रस्त्यावरचे कडुनिंब मोजायला निघाली. कुणाची परवानगी तिने मागितली नव्हती.