पहिल्या रांगेतली थंड अंडी

घरात तिला सगळे फौजदार म्हणत. लहानपणी डब्यातलं एक बिस्कीट कमी झालं, की ती भावंडांची बोटं हुंगत फिरायची. मोठेपणी नोकरीही साजेशीच मिळाली. बेटावरचे उंदीर संपवायचे आणि संपले की परत येऊ द्यायचे नाहीत.

दोन वर्षांपूर्वी तिने आणि आणखी चौघांनी कोपऱ्याकोपऱ्यात विषाच्या गोळ्या टाकून उंदरांचा नायनाट केला. पुढच्या हंगामात जमिनीत बिळं करून राहणारी करडी समुद्रपाखरं परतली, राहती बिळं दुप्पट झाली. वर्षाला एकच अंडं घालणारी ही पाखरं, उंदरांनी त्यांचा पार निकाल लावत आणला होता. काम झालं म्हणून चौघं परत गेले. पहाऱ्याला फौजदार राहिली. मागच्या साली तिने हंगामात दोनदाच बिळं तपासली होती. यंदा मात्र ती सुरुवातीपासून डोळ्यांत तेल घालून होती, दर दिवसाआड बिळात हात आणि टॉर्च.

आणि यंदाच पायवाटेकडच्या पहिल्या रांगेत एक अंडं थंड सापडलं. मग तीन. मग सात. पाखरं गायब. फौजदारच्या मनात पाल चुकचुकली आणि ती रोज, दोन्ही वेळा रांग तपासू लागली.

बेटावर येणारी होडी एकच, तिच्या थोरल्या भावाची. दर आठ दिवसांनी तो शिधा आणायचा. नियम असा की प्रत्येक पोतं धक्क्यावरच्या बंद खोलीतच उघडायचं, आत उंदीर असलाच तर तिथेच कोंडला जावा म्हणून. त्या दिवशी पिठाच्या पोत्याला बोटभर भोक होतं.

"दादा, हे काय?"

"अगं, हुक लागला."

"हुकाला दात असतात का?"

दादाने कपाळावर हात मारला. "मला सांग, अंडी फुटलीत का?"

"नाही."

"तू मेणाच्या वड्या ठेवतेस ना जागोजागी, उंदराने दात लावला की कळावं म्हणून? त्यांच्यावर दात उमटलेत?"

"नाही. शहाणा आहे तो."

"अंडं समोर असून उपाशी जातो, मेणाला तोंड लावत नाही. उंदीर आहे का साधू?"

"थट्टा नको. यापुढे सामान धक्क्यावर ठेवायचं आणि मागे फिरायचं. बेटावर पाय टाकायचा नाही."

दादाचा चेहरा उतरला. वडिलांमागे त्याने तिला शिकवलं होतं, ही नोकरीही त्यानेच ऐकून येऊन तिला सांगितली होती. पुढच्या तीन खेपांना त्याने पोती मुकाट्याने ठेवली आणि वर न बघता होडी वळवली. तिला वाईट वाटलं, पण संशय काही हटला नाही. उलट, बोलत नाही म्हणजे नक्कीच काहीतरी लपवतोय, असं तिने ठरवून टाकलं.

शनिवारी कार्यालयाला कळवायचं होतं. उंदीर आहे म्हटलं तर ऐन हंगामात पुन्हा विष पडणार आणि दादाची होडी कायमची बंद. नाही म्हटलं आणि एखादी गाभण उंदरीण निघाली, तर सगळी पाखरं गेली. तिने लिहून ठेवलं: 'उंदीर आहे. बहुधा होडीतून आला.' आता फक्त पुरावा हवा होता.

तो शोधायला ती शुक्रवारी सकाळी काटेरी घळीपलीकडच्या दुसऱ्या रांगेत गेली. काट्यांच्या कंटाळ्याने हंगामाच्या सुरुवातीला बिळांच्या खुणेच्या खुंट्या रोवल्यानंतर ती इकडे फिरकलीच नव्हती. पहिल्या बिळात हात घातला तर बोटाला कडकडून चोच बसली. दुसऱ्यातही तेच. तिसऱ्याकडे नेलेला हात तिने अर्ध्यातच आवरला आणि जमिनीला कान लावला. आतून पाखराची घरघर ऐकू आली. अशी कान लावत ती त्या रांगेतल्या वीसही बिळांवरून गेली. अठरा बोलली.

काट्यांना उंदीर कधीच घाबरत नाही. इकडे न येणारं बेटावर एकच होतं.

परतताना तिने पहिली रांग नीट पाहिली. प्रत्येक बिळाशी जाणारं गवत तिच्याच बुटांनी चेपून पिवळं पडलं होतं. अंड्यावरच्या पाखराला सारखा हात लावला की ते घाबरून अंडं टाकून जातं, हे त्या चौघांना तिनेच शिकवलं होतं. ती तिथेच बसून रडली. आतापर्यंतची अकराही अंडी तिने स्वतःच्या हाताने थंड केली होती, आणि खापर दादाच्या डोक्यावर फोडलं होतं.

लिहिलेला कागद फाडून तिने बिनतारी यंत्र उचललं.

"दादा, चोर सापडला."

खरखरीतून तुटक आवाज आला, "कुठे?"

"पहिल्या रांगेत. रोज दोन्ही वेळा टॉर्च घेऊन फिरतो."

"मोठा आहे?"

"बावन्न किलोचा," ती म्हणाली. "चुकले रे मी."

"बरं," दादा म्हणाला. "उद्या येतो. पोती कुठे उघडायची?"

"बंद खोलीतच," फौजदार नाक पुसत म्हणाली. "पण आत आपण दोघं."