काळ्या बुरख्याची एकच खरी कुस्ती

मित्रांनो, ही गोष्ट १९५८ सालची. मी एक जुना काळा बुरखा आहे. फ्रीस्टाइलच्या पैलवानाने तोंडावर चढवून मागे नाडीने आवळायचा. कर्जतच्या मोरू शिंप्याने मला छत्रीच्या कापडातून बेतले. मापाला कोणी माणूस आलाच नव्हता. मालकाने एक मडके पाठवले होते. त्या मडक्यावर मोरूने मला चढवले, डोळ्यांची भोके पाडली, आणि मग दिवसभर माझ्याकडे पाठ करून बसला.

त्या हिवाळ्यात भात झोडून झाल्यावर कर्जतच्या एका मोकळ्या शेतात फ्रीस्टाइल कुस्त्यांची कंपनी उतरली होती. दोर ताणलेले चौकोनी रिंग, भोवती ताडपत्री, वर कर्णा. या कुस्त्यांचा निकाल आधीच ठरलेला असे. कर्ण्यावरून रोज सांगत, की बुरखेवाला कुठला ते कोणाला माहीत नाही, त्याच्या बुरख्याआड चेहराच नाही. मी रिंगमध्ये आलो की माणसे गप्प होत. बायका पोरांचे डोळे झाकत आणि स्वतः बोटांच्या फटीतून बघत.

माझ्या आत बुधाजी होता. भिवपुरीच्या वीजघराखालच्या वस्तीतला मजूर. कंपनीचे खांब उचलायला आला, आणि त्याची मान बघून मालकाने मला त्याच्या हातात दिले. त्याला कुस्ती येत होती, पण तालीम त्याने आतून पाहिली नव्हती. त्याच्या वस्तीने दोन वर्षांपूर्वी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. गावच्या तालमीची पायरी त्यांना आधीही बंद होती आणि नंतरही बंदच राहिली. बुधाजी लहानपणापासून तालमीच्या खिडकीबाहेर उभा राहून डाव बघे आणि नदीच्या वाळूत एकटाच ते करून बघे. समोर कोणी नसे. हवेलाच धरायचे, हवेलाच पाडायचे.

त्याच तालमीत गजा पैलवान तयार झाला होता. त्याची पाठ कधी मातीला लागली नव्हती. शेवटच्या दिवशी त्याची आणि बुरखेवाल्याची कुस्ती ठरली. बुधाजीने मोठ्या आनंदाने होकार दिला. गजाला हात लावायला दुसरी वाटच नव्हती.

रिंगमध्ये जायच्या जरा आधी मालकाने सांगितले, की गजा जिंकेल आणि सगळ्यांसमोर बुरखा ओढून काढेल. गजाला हे आधीच कळवले होते. बुधाजीचा चेहरा त्या गर्दीत अनेकांच्या ओळखीचा होता. त्याची बायको येसूबाई ताडपत्रीआड उभी होती. तिने माझ्या नाडीला गाठीवर गाठ मारली.

"तोंड दिसलं तर घरापर्यंत येतील," ती म्हणाली. "आता तुमी आन ह्यो बुरखा."

कुस्ती सुरू झाली. ठरल्याप्रमाणे गजाची बोटे माझ्या नाडीखाली शिरली. त्याने ओढले. मी फाटू लागलो, पण चेहरा सोडला नाही. तेवढ्यात बुधाजीने आयुष्यभर हवेवर केलेला डाव केला आणि गजा पाठीवर पडला. दोन्ही खांदे टेकले. कर्णा बंद पडला. गजा माझ्या भोकांतून आत बघत हळूच म्हणाला, "कोन हायस रं तू?"

बुधाजी तसाच ताडपत्रीबाहेर पळाला, मला घेऊन.

पुढच्या साली कंपनी नवा बुरखा घेऊन आली. गजा बघायला गेला. नवा पैलवान रिंगमध्ये शिरताच सवयीने वाकला, हात जमिनीला लावून कपाळाला लावला. तालमीत वाढलेला कोणीही आधी मातीला हात लावतो; खाली माती नसली तरी हात जातोच. गजा तिथेच उठून बाहेर आला. आपल्याला पाडणारा वाकला नव्हता. ज्याला मातीची सवय कोणी लागूच दिली नाही असा जवळपास कोण आहे, याचा विचार करताना त्याला खिडकीतला चेहरा आठवला.

तरी तो बुधाजीकडे आला नाही. त्याने कुस्त्या बघणेच सोडले.

मी बुधाजीच्या घरात खुंटीवर टांगलेला राहिलो. मला कोणी धुतले नाही, कोणी घातले नाही. बुधाजी वारला त्या दिवसानंतर, वारा नसताना, मी कधी कधी आतून फुगत असे. येसूबाई तेव्हा हातातले काम थांबवून बसून राही.

१९८२ साली खोपोलीत पुन्हा फ्रीस्टाइलच्या कुस्त्या आल्या. म्हातारा गजा इतक्या वर्षांनी तिकीट काढून बसला. बाजूची तरुण मंडळी म्हणत होती की हे सगळे खोटे असते. गजा म्हणाला, "एक खरी झाली होती." ते हसले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो आमच्या दारात उभा होता. धोतराच्या सोग्यात तालमीची लाल माती बांधलेली. बुधाजी नाही हे ऐकून तो उंबऱ्यातच बसला.

"वैनी, उशीर केला मी."

"केलात," येसूबाई म्हणाली. "वाट बघत हुते ते. बोलले नाय कधी."

गजाने अंगणात माती पसरली आणि मला मागितले. येसूबाईने मला खुंटीवरून काढून दिले. त्याने मला तोंडावर चढवले. मित्रांनो, माझ्या कापडाला बुधाजीच्या जबड्याचा आकार आला होता; गजाचा चेहरा त्यात बसेना. आत दोन श्वास होते. एक धापा टाकत होता, दुसरा संथ होता. झाडाचे पान हलत नव्हते. गजा मातीत उभा राहिला, वाकला, हात पुढे केले आणि कोणीतरी उचलून ठेवावे तसा सावकाश पाठीवर गेला.

तो उठला तेव्हा मातीत त्याच्या खांद्यांचे ठसे होते. त्यांच्या दोन्ही बाजूंना दोन पंजे उमटले होते, त्याच्या पंजांहून रुंद. येसूबाईने त्यातल्या एकावर आपला हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

"माती लागली हो ह्यांच्या हाताला," ती म्हणाली.

गजा पुढच्या पावसाळ्यात गेला. जाण्याआधी त्याने तालमीत सगळ्यांना सांगितले, की माझी पाठ बुधाजीने लावली. काहींनी म्हाताऱ्याला भ्रम झाला असे ठरवले. एक-दोघे मान खाली घालून ऐकत राहिले. मोरू शिंपी माथेरानला घोड्यांच्या झुली शिवायला गेला आणि तिथेच राहिला. कंपनीच्या मालकाचे काय झाले ते कोणालाच कळले नाही. येसूबाई आता लेकीकडे अंबरनाथला असते. जाताना तिने मला कागदात गुंडाळून सोबत नेले.

लेक स्वच्छतेची फार आहे. माझ्या शिवणीत लाल माती दिसली की तिचा हात साबणाकडे जातो. मित्रांनो, जुन्या वस्तू जपणे म्हणजे त्या धुऊन पुसून ठेवणे, असे तुम्हालाही शिकवले असेल. माझे एवढेच मागणे आहे, की तसे करण्याआधी, ज्या म्हातारीने ती वस्तू इतकी वर्षे तशीच ठेवली, तिला एकदा विचारा.

येसूबाईला अजून कोणी विचारलेले नाही.