गळा नव्हे, गाल

माझ्या बायकोचा गळा मी रंगमंचावर किती वेळा दाबला असेल, याचा हिशेब देवालाही लागणार नाही. दुसऱ्या अंकाच्या शेवटी मी यायचं, ती दोन पावलं मागे सरायची, किंचाळायची, दिवेवाला लाल दिवा टाकायचा आणि माझे हात तिच्या गळ्याशी जायचे. नाटक बदलायचं, लेखक बदलायचा, गळा तोच. तिसऱ्या अंकात आमच्या कंपनीचा नायक यायचा, मला दोन ठोसे हाणायचा आणि माझ्या हक्काच्या बायकोला माझ्यादेखत मिठीत घ्यायचा. सगळे त्याला राजबिंडा म्हणतात. माणूस लाख चांगला, पण त्या वेळी माझा जो जळफळाट व्हायचा तो अभिनय नव्हता.

सगळा दोष माझ्या जबड्याचा. कानाखाली तो असा काही काटकोनात वळायचा की मी कुणाला ‘बसा’ म्हटलं तरी तो दचकून उभा राहायचा. शाळेत मला कपाट म्हणायचे. कंपनीत त्याचं कपाटराव झालं, तेवढीच काय ती बढती. दिग्दर्शकांना आम्ही मास्तर म्हणतो. त्यांच्याकडे मी दर हंगामात नायकाची भूमिका मागायचो आणि ते दर वेळी माझ्या पाठीवर हात ठेवायचे.

“अरे, तू प्रेमाचं वाक्य म्हणालास ना, तर प्रेक्षक पोलिसांना बोलावतील.”

शेवटी मी ठरवलं, या सुट्टीत जबड्याचाच निकाल लावायचा.

डॉक्टरीणबाईंनी माझ्या कवटीचं चित्र पडद्यावर फिरवून दाखवलं. चीर तोंडाच्या आतून, बाहेर व्रण नाही. कोपऱ्याचं हाड घासायचं, हनुवटी थोडी अरुंद करायची. “पण खालचा ओठ आणि हनुवटी बधिर राहील,” त्या म्हणाल्या. “काही महिने. एखाद्याची थोडी जागा कायमचीच—”

“चालेल!” मी म्हणालो.

बायकोने टेबलाखालून माझ्या पायावर लाथ मारली. “ऐकून तरी घे आधी!”

घरी आल्यावर ती चपला काढता काढता म्हणाली, “मी पसंत केला तेव्हा हाच जबडा होता.”

“तुला चालतो गं. मास्तरांना चालत नाही.” मग जे इतकी वर्षं मनात होतं ते मी बोलून टाकलं. “एकदा, फक्त एकदा, भरलेल्या नाट्यगृहात मला तुझ्यावर प्रेम करायचंय. गळा दाबून दाबून कंटाळलोय मी.”

ती उठली आणि दवाखान्याची बॅग भरायला लागली.

ऑपरेशनच्या दिवशी मला धीर द्यायला आलेल्या नर्सलाच मी विनोद सांगत होतो. भीती वाटत नव्हती असं नाही, पण आनंदापुढे तिची डाळ शिजत नव्हती. जाग आली तेव्हा डोक्यापासून हनुवटीपर्यंत पट्टी आवळलेली होती, तोंडातून दोन नळ्या बाहेर आल्या होत्या आणि घशात कुणी वाळू ओतल्यासारखं वाटत होतं. मी बायकोला अंगठा दाखवला. तिने तोच अंगठा धरून ठेवला, नर्सने बाहेर काढेपर्यंत.

तिसऱ्या दिवशी पट्टी सैल केली आणि मी आरसा मागितला. कपाटाचं गोदाम झालं होतं! गाल खांद्यांना टेकायला आले होते, ओठ पालथे पडले होते, मानेवर निळंजांभळं काहीतरी उतरत होतं. हसू आलं तर टाके ओढायचे, म्हणून मी हुं हुं करून हसलो. या सगळ्या सुजेच्या आत माझा नवा चेहरा बसलाय, या विचारानेच मला गुदगुल्या होत होत्या.

घरी जेवण म्हणजे सूप, तेही पिचकारीने. प्रत्येक घोटानंतर खळखळून चूळ. झोपायचं ते उशांच्या ढिगाला टेकून, बसल्यासारखं. राजबिंडा भेटायला आला तो टणक सफरचंदं घेऊन. मला चावता येत नाही हे लक्षात आल्यावर बिचाऱ्याने माझ्यासमोर बसून ती स्वतः संपवली आणि माझं तोंडभरून कौतुक केलं. हनुवटी मात्र खरोखरच परक्याची झाली होती. सूप ओघळून शर्टावर आलं तरी मला पत्ता नसायचा. बायको लांबून स्वतःच्या हनुवटीवर बोट ठेवायची, मग मी पुसायचो.

रोज सकाळी मी आधी आरशाकडे धावायचो. एक दिवस डाव्या कानाखाली एक उतार दिसला. काटकोन गेला होता! मी घरभर नाचलो. सासूबाई समाचाराला आल्या, दारातच थबकल्या आणि म्हणाल्या, “जावईबापू, आता कुठे माणसात आलात!”

सुट्टी संपली. या हंगामात मास्तरांनी नायकाची भूमिका आधी वाटली नाही. ज्याला हवी असेल त्याने सगळ्यांसमोर प्रवेश करून दाखवायचा, मग मास्तर ठरवणार. नवं नाटक एका लाजऱ्या घड्याळजीचं होतं. ज्या बाईवर त्याचा जीव आहे, ती गाव सोडून निघालीय आणि निरोप घ्यायला आलीय. तो तिच्या गालाला हात लावतो. मग ती त्याच्या हनुवटीला हात लावते, आणि त्या स्पर्शासरशी तो म्हणतो, “राहा ना.” एवढंच. ती न बोलता निघून जाते, पडदा. बाईची भूमिका अर्थात माझ्या बायकोची. मास्तरांनी बजावून सांगितलं होतं, “वाक्य स्पर्शावर. क्षणभर आधी नाही, क्षणभर नंतर नाही.”

राजबिंड्याने आधी केलं. चोख केलं मेल्याने. मग मी उभा राहिलो आणि सगळीकडे कुजबुज झाली. मास्तरांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. “कपाट कुठे गेलं रे?”

“विकलं, मास्तर.”

सगळे हसले. मला वाटलं, जिंकलं आपण! बायको समोर आली. मी हात उचलला. आणि काय सांगू, माझा हात थेट तिच्या गळ्याशी गेला. तिने दोन पावलं मागे सरून अशी काही किंकाळी फोडली की मागच्या रांगेतली माणसं उभी राहिली. वर दिवेवाल्याने तेवढ्यात लाल दिवाही टाकला.

हसून हसून लोक खुर्च्यांवरून घसरले. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. हाड घासलं, महिनाभर पिचकारीने जेवलो, आणि हात जुनेच निघाले. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, खरंच आलं. “पुन्हा करू?” मी विचारलं. मास्तर हसू दाबत म्हणाले, “कर. पण हे शेवटचं.”

बायकोने माझा शर्ट नीट करायचं निमित्त केलं आणि पुटपुटली, “गळा नव्हे, गाल.”

या वेळी हात गालावर गेला. ती जागची हलली नाही. आता तिने माझ्या हनुवटीला हात लावायचा होता आणि नेमकं इथेच मला आठवलं की माझ्या हनुवटीला काही कळत नाही. हात लागला? लागायचाय? खाली बघावं तर प्रवेशच पडणार. कळायला एकच जागा उरली होती, तिचे डोळे.

आता हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं, पण गळा दाबणाऱ्याने नजर स्वतःच्या अंगठ्यांवर ठेवायची असते. अंगठा जरा सरकला तर समोरच्याचा जीव जाईल. इतकी वर्षं मी तिला काही होऊ नये म्हणून अंगठेच बघत आलो होतो. रंगमंचावर तिच्या डोळ्यांत मी कधी पाहिलंच नव्हतं. ते भरून आले होते. माझ्याकडे बघत होते आणि वाट बघत होते. हात केव्हा लागला देव जाणे. त्या डोळ्यांत काहीतरी हललं आणि मी म्हणालो, “राहा ना.”

 ती तशीच उभी. निघून जायचं होतं, पण उभीच.

“अगं, जा!” मास्तर ओरडले. “इथे तुझी एक्झिट आहे!”

“कशी जाऊ, मास्तर?” ती माझ्यावरची नजर न काढता म्हणाली. “राहा म्हणतोय ना तो.”

मास्तर शेजारी बसलेल्या लेखकाकडे वळून म्हणाले, “हिची एक्झिट काढून टाका.” आणि माझ्याकडे न बघताच पुढे म्हणाले, “उद्या सकाळी तालमीला वेळेवर ये, घड्याळजी.”