उभ्यानं खाल्लेलं

मी पनवेलला मोजणी खात्यात होतो. ओवे, गव्हाण, कामोठे, सगळीकडे साखळी टाकत हिंडलो. हातभर जमिनीवरून सख्खे भाऊ एकमेकांची डोकी फोडायला निघत आणि मी मध्ये उभा राहून हद्दीचा दगड दाखवत असे. त्यामुळे माझा मोजमापावर फार विश्वास. माणूस खोटं बोलेल, साखळी खोटं बोलत नाही, हे माझं वाक्य घरात सगळ्यांना पाठ होतं. आमची मुलगी आभा तर कॉलेजातल्या मैत्रिणींना माझी नक्कल करून दाखवायची.

चौऱ्याण्णव साली दसऱ्यानंतर माझ्या बायकोची, प्रमिलाची, गर्भपिशवी काढायची ठरली. अंगावरून फार जात होतं, पांढरीफटक पडली होती बिचारी. पण डॉक्टरीणबाईंनी तिला काट्यावर उभं केलं, साखर तपासली आणि चष्मा काढून ठेवला. "अठ्ठ्याहत्तर किलो. साखरही चढलीय. अशा अवस्थेत मी भूल देऊ देणार नाही," त्या म्हणाल्या. "रक्तस्राव गोळ्यांनी थोडा आवरेल, पण किती दिवस? सहा किलो उतरवा. संक्रांतीपर्यंत बघू." प्रमिलाची आई अशाच ऑपरेशनला गेली होती आणि परत आली नव्हती. दवाखान्यातून निघाल्यावर रिक्षात तिनं माझी बाही धरून ठेवली होती, एवढं मला आठवतं. मीही घाबरलो होतो. पण घाबरलो की मी हुकूम सोडायला लागतो, हा माझा जुना रोग.

त्याच संध्याकाळी मी आलेख-कागदावर तक्ता आखला आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवला. दोन पोळ्या, एक वाटी भात, चहा बिनसाखरेचा, सकाळी वडाळे तलावाला एक फेरी. प्रत्येक गोष्टीपुढे बरोबरची खूण करायची, आणि खूण मी करणार, रात्री तिला विचारून. तिला कॅनव्हासचे पांढरे बूट आणले. पाचवारी साडीवर बूट घालून बाई चाललीय हे बघायला आळीतली माणसं दात घासत दारात यायची. ती पदर ओढून खाली मान घालून चालायची आणि मी दहा पावलं पुढे, घड्याळ बघत.

दर रविवारी एस.टी. स्टँडवर वजन. तिथं एक रंगीत दिवे फिरणारं मशीन होतं. नाणं टाकलं की खटकन पुठ्ठ्याचं तिकीट पडायचं, पुढे वजन आणि मागे भविष्य. पहिल्या रविवारी अठ्ठ्याहत्तर. दुसऱ्या रविवारी सत्त्याहत्तर, मी खुश. तिसऱ्याला परत अठ्ठ्याहत्तर. चौथ्याला अठ्ठ्याहत्तर. तक्त्यावर एक खूण चुकलेली नव्हती, आणि वजन हलायला तयार नव्हतं.

"तू चोरून खातेस का गं?" मी तिथंच विचारलं. आजूबाजूला पेणच्या गाडीची वाट बघणारी माणसं होती. एकदोघांनी वळून बघितलं.

प्रमिला तिकिटाची मागची बाजू वाचत होती. "यात लिहिलंय की तुमच्या घरात सुख नांदेल," ती म्हणाली आणि तिकीट पर्समध्ये टाकून चालायला लागली. दुसऱ्या दिवसापासून ती एकच पोळी खाल्ल्याचं सांगायची. मी मुकाट्यानं खूण करायचो. मला वाटायचं, लागलं मनाला, बरं झालं. माझ्यासारखा शहाणा मीच.

डिसेंबरच्या सुरुवातीला एक दिवस कामोठ्याची मोजणी होती. शेजारचे खातेदार आलेच नाहीत, त्यामुळे पंचनामा करून मी दुपारी दीडलाच घरी परतलो. पुढचं दार आतून लावलेलं असणार म्हणून मागच्या अंगणाकडे वळलो. तिथं चिंधीची पाटी टेकलेली दिसली. चिंधी म्हणजे प्रबळगडाच्या पायथ्याच्या आदिवासी वाडीतली ठाकरीण. आठवड्यातून दोनदा कोनफळं, शेवग्याचा पाला, जे मिळेल ते डोक्यावर घेऊन उतरायची आणि पाटी रिकामी झाली की आमच्या मागच्या दारात टेकायची. प्रमिला तिला जेवायला वाढायची. मला हे माहीत होतं, म्हणजे ऐकून माहीत होतं.

मी चपला काढायला तुळशीपाशी वाकलो आणि चिंधीचा आवाज आला.

"वयनी, तुमी रोज उभ्यानंच खाता. बसत का नाय?"

"हे काय जेवण आहे होय? मी जेवले मघाशी. एक पोळी खाल्ली," प्रमिला म्हणाली. "हे राहिलेलं संपवतेय."

मी खिडकीच्या गजांतून आत बघितलं. दारातल्या चिंधीच्या पानात वाफाळता भात आणि आमटी होती. प्रमिला ओट्याला टेकून उभी होती. तिच्या हातात कढई, कढईत रात्रीचा फोडणी दिलेला भात. शेजारच्या ताटलीत माझ्या रात्रीच्या पानातली अर्धी पोळी, सकाळची एक अख्खी, आणि आभाच्या डब्यातून परत आलेली कालची भाजी-पोळी. ती एकेक घास भराभर तोंडात टाकत होती. चवीनं खाणाऱ्याचं ते खाणं नव्हतंच. अंगण झाडून टाकावं तसं ती ते उरकत होती.

"मंग ह्ये पोटात जात नाय?" चिंधी हसत म्हणाली.

"टाकायचं कसं गं अन्न?"

"मला घाला की. मी खाल्ला असता."

"छे. शिळं दुसऱ्याला देऊ नये. माझी आई म्हणायची, द्यायचं तर गरम द्यावं."

"मंग सायबांना घाला."

"ते शिळं खात नाहीत," प्रमिला म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. आमच्याकडे नळाला सकाळी पाणी येतं, असं सांगावं तसं तिनं सांगितलं.

चिंधीनं बोटं चाटली. "आमच्यात येवढुसा असला तरी सगली गोल बसून खातो. मंग उरत पन नाय आनि कोनाचा पोट पन फुगत नाय." आणि मग प्रमिलाच्या पोटाकडे बघून दोघी खुदकन हसल्या.

मी आत गेलो नाही. तसाच पुढच्या बाजूला जाऊन ओटीच्या पायरीवर बसलो. डोक्यात आपोआप मोजणी चालू झाली. अडीच पोळ्या, दोन वाट्या भात, भाजी. रोजचं. आणि त्यातलं निम्म्याहून जास्त माझं. भात भरपूर असल्याशिवाय मला जेवल्यासारखं वाटत नाही, म्हणून ती पातेलंभर लावणार, आणि मी त्यातला निम्मा ठेवून उठणार. पोळी गरमच हवी, ताटात थंड झालेला तुकडा बाजूला. शिळ्याला मी हात लावत नाही, हे तर मी पाहुण्यांपुढे मिशीला ताव देऊन सांगायचो. तिच्या अंगावर चढलं होतं ते माझं उरलेलं होतं. आणि त्याच बाईला मी एस.टी. स्टँडवर चारचौघांत चोर म्हणालो होतो.

पण त्याहून वाईट गोष्ट त्या पायरीवर मला आठवली. लग्नाला तेवीस वर्षं झाली होती आणि मी माझ्या बायकोला घरी जेवताना कधी पाहिलंच नव्हतं. आधी आम्ही जेवायचो, ती वाढायची. मग मी रेडिओपाशी, आणि ती आत. लग्नकार्यात पंगतीत दिसली असेल तेवढीच. मला खूप लाज वाटली. एवढी साखळी फिरवली आणि घरातलं स्वयंपाकघर मोजायचं राहिलं.

संध्याकाळी आभा आणि मी पाटावर बसलो. प्रमिलानं दोन पानं मांडली.

"तिसरं मांड," मी म्हणालो.

"कोण येणार आहे?"

"तू."

"तुमचं होऊ दे आधी. पोळ्या गार होतील."

"होऊ देत."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग आभानं उठून तिसरं पान घेतलं. प्रमिला बसली खरी, पण बसणं तिला जमेना. मीठ आणायला उठली, पाणी आणायला उठली, गॅस बंद आहे का बघायला उठली. चौथ्यांदा उठायला लागली तेव्हा मी म्हणालो, "आता मी उठेन." आणि उठून ताकाचं पातेलं आणलं. ते कुठं असतं हे मला आभाला विचारावं लागलं.

त्या रात्री मला कळलं की आमटीतला कढीपत्ता ती चावून खाते. आम्ही सगळे तो काढून टाकतो, आणि तिला तो आवडतो. तेवीस वर्षांनी ही माहिती मिळाली.

जेवण झाल्यावर मी म्हणालो, "प्रमिला, आज दुपारी मी मागच्या दाराशी होतो." तिचा चेहरा उतरला. चोरी सापडल्यासारखं तिनं खाली बघितलं, आणि ते मला सोसवेना. "तुझी काही चूक नाही," मी घाईघाईनं म्हणालो. "चूक माझ्या ताटाची आहे." आभानं शहाणपणानं भांडी उचलली आणि आत गेली. मी उठून भिंतीवरचा तक्ता फाडला. त्याबरोबर थोडा चुनाही निघाला.

मग आम्ही फार काही केलं नाही. तांदूळ वाटीनं मोजून लावायला लागलो, तिघांच्या दीड वाट्या. ती वाटी मी मोजायचो, हौस कुठे जाते? साडेआठला तिघांनी एकत्र बसायचं आणि भांडी रिकामी करून उठायचं. आभा डबा संपवून आणायला लागली, नाही संपला तर घरी आल्यावर स्वतः संपवायची. एखादी पोळी उरलीच तर सकाळी तिचा कुस्करा, आणि तो मी खायचा. पहिल्या दिवशी मी औषध घेतल्यासारखा खाल्ला. चौथ्या दिवशी विचारलं, आज पोळी उरली नाही का. प्रमिला इतकी हसली की तिला ठसका लागला. तलावाच्या फेरीला घड्याळ घरी राहायला लागलं. मी तिच्याबरोबरीनं चालायचो. ती खरं तर माझ्यापेक्षा भरभर चालते, हेही नवीनच.

संक्रांतीपर्यंत वजन पंचाहत्तर झालं. डॉक्टरीणबाईंनी दीड महिना आणखी दिला. हळदीकुंकवाला ती घरोघर जायची आणि तिळगुळाची पुडी बांधून आणून माझ्या हातात ठेवायची, "तुम्ही संपवा, टाकायचं नाही." मार्चच्या पहिल्या आठवड्यात काटा बाहत्तरवर आला, साखर आटोक्यात आली, आणि ऑपरेशनची तारीख मिळाली.

त्या सकाळी स्ट्रेचरवर झोपवल्यावर तिनं पुन्हा माझी बाही धरली. "आई..." एवढंच म्हणाली. मी म्हणालो, "तुझ्या आईचं कुणी एवढं मोजलं नव्हतं." काय बोललो मलाच कळलं नाही, पण तिनं बाही सोडली. दार बंद झाल्यावर मी अडीच तास त्या व्हरांड्यात येरझाऱ्या घातल्या. देवाचं नाव घेत होतो, लपवण्यासारखं त्यात काही नाही. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, मास्क खाली केला आणि म्हणाल्या, "छान झालं. दोन दिवसांनी पेज द्या."

तिसऱ्या दिवशी मी घरून पेज नेली. दीड वाटी तांदळाच्या हिशेबानं नव्हे, मूठभर, मीच शिजवलेली, थोडी लागलेली. चमच्यानं भरवली. अर्धी खाऊन तिनं मान फिरवली, "बस आता," आणि डोळे मिटले.

वाटीत अर्धी पेज उरली. मोरी कोपऱ्यात होती. मी वाटी घेऊन तिथवर गेलो, आणि मला ओतवेना. तिथंच खिडकीपाशी चमचा उचलला आणि खायला लागलो. पेज कोमट झाली होती आणि मीठ जरा जास्त होतं.

"अहो, उष्टं आहे ते," मागून तिचा बारीक आवाज आला.

"असू दे."

मी पाठमोराच होतो, आणि तसंच राहणं मला बरं वाटत होतं, कारण डोळे भरून आले होते.

"मग बसून खा," ती म्हणाली. "उभ्यानं खाल्लेलं अंगावर चढतं."

मी स्टूल ओढलं आणि तिच्या उशाशी बसून वाटी संपवली.