वाचून दाखवलेले मेसेज

मी नववीपर्यंत शिकले. आमच्या ऊसतोडीच्या टोळीत माझ्याइतकं शिकलेली दुसरी बाई नाही, आणि त्या शिक्षणाचा मी काय उपयोग केला ते सांगते. माझ्याच पोरीचे मेसेज चोरून वाचले. वर नवऱ्याला ते खोटे वाचून दाखवले.

माझं नाव ज्योती. आमचं गाव खर्ड्याजवळ. दिवाळी झाली की आम्ही नवराबायको ऊसतोडीला देवळाली प्रवऱ्याकडे येतो, ते थेट उन्हाळ्याच्या तोंडाला परततो. नवऱ्याने ऊस तोडायचा, बायकोने मोळ्या बांधून डोक्यावरून बैलगाडीपर्यंत न्यायच्या, असा दोघांचा मिळून एक कोयता. एक जण नसला की दुसऱ्याचं काम बंद. म्हणून पोरं एक तर उसाच्या फडावर न्यायची, नाहीतर मागे म्हाताऱ्या माणसांपाशी ठेवायची. आमची जया पाचवीपासून माझ्या सासूबाईंपाशी राहिली. यंदा ती बारावीला आहे.

तिच्या वडिलांचं नाव अजिनाथ. एरवी मी ते घेत नाही, इथे घ्यावं लागतंय. दिवाळीआधीच त्यांनी सांगून टाकलं, की एवढी मोठी पोरगी म्हातारीच्या भरवशावर ठेवायची नाही. एक तर ती फडावर येईल, नाहीतर स्थळ बघू. भावकीतल्या दोन पोरींची अशीच दहावीनंतर लग्नं उरकली होती. मी भांडले. चार दिवस घरात कोणी कोणाशी बोलत नव्हतं. पाचव्या दिवशी त्यांनीच तोडगा आणला. जयाला फोन घ्यायचा आणि त्यात लक्ष ठेवायचं ॲप टाकायचं. जया शाळेत राहणार असेल तर मला काहीही चाललं असतं, मी लगेच हो म्हणाले.

मोबाईलचं दुकान कानिफनाथचं. गावातलाच, ओळखीचा. त्याने अर्ध्या तासात सगळं करून दिलं. "वहिनी, पोरीला कळनार बी न्हाई," तो म्हणाला. "ती काय लिहिती, कुठं जाती, समदं तुमच्या फोनवर दिसंल." मधेच त्याने ईमेल मागितला. आमच्याकडे कुठला ईमेल? मग त्याने स्वतःचाच टाकला. "पासवर्ड मी ध्यानात ठेवतो, तुमी इसरताल," म्हणाला. जयाच्या वडिलांनी त्याला चहा पाजला. तिसऱ्या दिवशी आम्ही जयाच्या हातात नवा फोन दिला. तिने दोघांच्या पाया पडून तो घेतला.

फडावर आमचा दोघांत एकच फोन. ऊसमालकाच्या विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत तो चार्जिंगला लावायचा, संध्याकाळी आणायचा. जयाच्या वडिलांना वाचता येत नाही. कोपीसमोर, म्हणजे आमच्या पाचटाच्या झोपडीसमोर, भाकरी झाल्या की ते तंबाखू मळत बसायचे आणि म्हणायचे, "वाच." मी वाचायची.

जयाची जिवाभावाची मैत्रीण एकच, भीमराज मास्तरांची भारती. सगळे मेसेज तिलाच. पहिले आठ-दहा दिवस मी जसंच्या तसं वाचलं. आजीचे गुडघे दुखतात, केमिस्ट्रीचे सर रागीट आहेत, एसटी चुकली. मग एक दिवस आलं, "आदिनाथने फिजिक्सची वही दिली. काय अक्षर आहे गं त्याचं. काम नसताना दोनदा वाचली."

मी तोंड उघडलं आणि आवाज न बदलता वाचलं, "फिजिक्सची वही मिळाली. अक्षर चांगलं हाय."

"कुनाची वही?"

"भारतीची."

"चांगली पोरगी हाय भारती," ते म्हणाले.

त्या दिवसापासून मी रोज तेच केलं. आदिनाथ म्हणजे तिच्या वर्गातला पोरगा. मेसेजमध्ये त्याचं नाव आलं की त्याची भारती करायची. आजीवर चिडली असेल तर ते गाळायचं. नवऱ्याला फसवते याचं मला काही वाटलं नाही, उलट मी स्वतःला फार शहाणी समजत होते. नजर त्यांची, पण पोरगी माझ्या पदराखाली, असा माझा हिशेब.

खरी गोष्ट वेगळी होती. मला त्या वाचण्याची चटक लागली. फोनवर जया चारच वाक्यं बोलायची. जेवले, अभ्यास चाललाय, आजी बरी आहे, ठेवते. आणि मेसेजमध्ये बघावं तर ही एवढी बडबडी, चेष्टेखोर पोरगी. पाचवीपासून दर वर्षी पाच महिने मी तिच्याजवळ नव्हते. ती कधी मोठी झाली, कशी हसते, कशाने रडते, मला ठाऊक नव्हतं. आता सगळं आयतं मिळत होतं. मी दुपारच्या भाकरीच्या वेळेलाही मोटारीच्या खोलीत जाऊन वाचायला लागले.

एकदा तिने लिहिलं, "कोणाला सांगू नको. मी आईची हिरवी साडी पांघरून झोपते. तिला आईचा वास आहे. साडी धुवायचं आजीने नाव काढलं की मी भांडते." ते वाचून मी त्या खोलीत मोटारीच्या आवाजात मोकळेपणी रडले. ते मी जयाच्या वडिलांना वाचून दाखवलं नाही. ते मी माझ्यासाठी ठेवलं.

जानेवारीत, प्रॅक्टिकल परीक्षा पंधरा दिवसांवर आली असताना, दुपारी फोन उघडला तर मेसेजची रांग.

"तू कानिफनाथला साडीचं सांगितलंस?"

"कसली साडी?"

"मी रिचार्जला गेले होते. तो हसत म्हणाला, काय जया, अजून आईची साडी पांघरूनच झोपतीस का? दुकानात दोन माणसं होती. मी फक्त तुला सांगितलं होतं भारती."

"शपथ घेते. मी त्या माणसाशी बोलतसुद्धा नाही."

"मग त्याला स्वप्न पडलं का? माझ्याशी बोलू नकोस."

भारतीचे त्यानंतर अकरा मेसेज होते. जयाचं एकालाही उत्तर नव्हतं.

मी ते मेसेज पुन्हा पहिल्यापासून वाचले. साडीचं जयाला, भारतीला, मला आणि फार तर सासूबाईंना माहीत होतं, आणि त्या गुडघ्यांमुळे दुकानापर्यंत जात नव्हत्या. मी कोणाला सांगितलं नव्हतं. मग मला तो ईमेल आठवला. पासवर्ड मी ध्यानात ठेवतो. अडीच महिने तो दुकानात बसून माझ्या पोरीचा शब्दन् शब्द वाचत होता. मी वाचत होते, तसाच. जे वाचून मी रडले, त्यावर तो हसला.

पुढे काय करायचं ते कळेना. जयाला सांगावं तर आईच चोर ठरते. जयाच्या वडिलांना सांगावं तर ते दुसऱ्या दिवशी पोरीला फडावर आणतील आणि बारावी तिथेच संपेल. गप्प बसावं तर भारती निर्दोष असून मरते, आणि तो माणूस वाचतच राहतो. ॲप काढावं म्हटलं तर पासवर्ड त्याच्याचकडे. दुपारभर मी मोळ्या बांधल्या. दोन वेळा दोर सुटला. मुकादमाने विचारलं, "काय गं, ताप हाय का?" मी नाही म्हणाले.

संध्याकाळी जयाचे वडील म्हणाले, "वाच."

मी वाचलं. पहिल्यांदा सगळं, जसंच्या तसं. साडीचं, कानिफनाथचं, भांडणाचं. तंबाखू मळणारा त्यांचा अंगठा थांबला. तो माणूस काय म्हणाला हे त्यांनी मला दोनदा वाचायला लावलं. मग ते उठले. "सामान बांध. पोरीला घिऊन येऊ. त्याचं काय करायचं ते मी बघतो."

"तिची परीक्षा हाय."

"परीक्षा गेली खड्ड्यात."

"चूक तिची न्हाई. चूक आपली हाय. त्याच्या हातात आपुनच दिलं तिला." मला वाटलं ते अंगावर येतील. आले नाहीत. मग मी तेही सांगून टाकलं, की आजवर वाचलं ते सगळं खरं नव्हतं.

ते परत खाली बसले.

"म्हंजी इतके दिस मी काय ऐकत हुतो?" ते म्हणाले. "ती माझी पोरगी हुती का दुसरी कोन?"

त्यांना वाचता येत नाही याचा मी फायदा घेतला होता, आणि ते त्यांना लागलं होतं. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी मुकादमाशी बोलून आले आणि म्हणाले, "जा तू. सांग तिला. मी आलो तर माझा हात उठंल त्याच्यावर." आमचा कोयता तीन दिवस बंद राहिला.

घरी पोचले तेव्हा जया ओट्यावर पुस्तक घेऊन बसली होती. मला बघून धावत आली. मी म्हटलं, आधी ऐक. सगळं सांगितलं. ॲप, पासवर्ड, वाचणं, खोटं वाचणं. सासूबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

"तू वाचत हुतीस?" तिने विचारलं.

"व्हय."

"समदं?"

"समदं."

ती रडेल, ओरडेल असं वाटलं होतं. ती उठून आत गेली. हिरवी साडी घेऊन बाहेर आली, माझ्यासमोर नीट घडी घातली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "ही घिऊन जा," म्हणाली. चपला घातल्या आणि भारतीच्या घराकडे निघून गेली. ती काय बोलली, भारतीने तिला घरात घेतलं की नाही, मी विचारलं नाही. विचारायचा हक्क मी गमावला होता.

संध्याकाळी मी एकटी कानिफनाथच्या दुकानात गेले. मनात खूप बोलायचं होतं. त्याने काउंटरवरून मान वर केली आणि शांतपणे म्हणाला, "वहिनी, पोरीवर नजर ठेवायची म्हनून तुमीच आल्ता ना माझ्याकडं? मी काय तुमच्या घरी आल्तो?"

माणूस नीच होता, पण बोलला त्यात खोट नव्हती. मी तशीच परतले.

दुसऱ्या दिवशी मी आणि जया तालुक्याला, जामखेडला गेलो. दुसऱ्या दुकानात दोन्ही फोन पुसून कोरे करून घेतले. नंतर पोलीस ठाण्यात अर्ज दिला. मला लोक काय म्हणतील याची भीती होती, जयाला नव्हती. अर्ज तिने लिहिला. आम्ही ॲप का टाकलं, कोणाकडून टाकून घेतलं, तेही तिने त्यात लिहिलं, एक शब्द गाळला नाही. खाली मी सही केली. एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती, पण खिडकीकडे तोंड करून.

मी फडावर परत आले. साडी कोपीत पत्र्याच्या पेटीत ठेवली. संध्याकाळी भाकरी झाल्या की जयाचे वडील सवयीने माझ्याकडे बघायचे. वाचायला काही नव्हतं. ते तंबाखू मळायचे आणि बैलांकडे बघत बसायचे. एकदा म्हणाले, "काय करत आसंल गं ती?" मी म्हटलं, मला ठाऊक नाही. ते खरं होतं. ते सोसणं सोपं नव्हतं.

तीन आठवडे तिचा फोन आला की तीच चार वाक्यं. जेवले, अभ्यास चाललाय, आजी बरी आहे, ठेवते. बारावीचा पहिला पेपर झाला त्या संध्याकाळी पुन्हा फोन आला. आमची पद्धत अशी, की फोन स्पीकरवर लावून दोघांच्या मधे ठेवायचा. पेपर बरा गेला म्हणाली. भारती आणि ती एकाच एसटीने गेल्या होत्या, हेही बोलता बोलता आलं. माझा जीव भांड्यात पडला. मग म्हणाली,

"आई, एक सांगायचं हुतं."

"सांग की."

"तुला म्हाईतच आसंल. तू वाचलंच आसशील तवा."

मला कळलं, हे आदिनाथबद्दल असणार. जयाच्या वडिलांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. त्यांना वाचता येत नाही, पण माझं तोंड येतं. त्यांनी फोन उचलला, स्पीकर कुठे बंद होतो ते त्यांना सापडेना, म्हणून तसाच माझ्या हातात दिला. मी स्पीकर बंद केला. तोवर ते उठून बैलांपाशी गेले होते, आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

मी फोन कानाला लावला.

"ते सोड," मी म्हटलं. "तू सांग."